बॅटमॅन नेमका कुठे जमला? सिनेमा, मालिका की गेम?

रात्रपाळी

थेट मुद्द्यावर येतो. बॅटमॅनचे जुने-नवे सगळे सिनेमे पाहून माझं मत ठाम झालंय की मोठ्या पडद्यावर हा माणूस कधी पुरता उतरलाच नाही. १९३९ साली तो ज्या मासिकात जन्मला त्याचं नाव 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स', अंक २७. म्हणजे मूळ धंदा गुन्ह्याचा छडा लावण्याचा. सिनेमावाल्यांनी त्याला गाडी दिली, विमान दिलं, बालपणीचं दुःख तर पुन्हा पुन्हा दिलं. डोकं चालवायचं काम मात्र फारसं कुणी दिलं नाही.

डोकं चालवणारा बॅटमॅन मला दोनच ठिकाणी भेटला. एक १९९२ ची कार्टून मालिका, दुसरे रॉकस्टेडी कंपनीचे अर्खम गेम. दोन्हीकडे आवाज केविन कॉनरॉयचा.

तुमचं काय म्हणणं? 'डार्क नाइट'चा दिग्दर्शक नोलान, त्याच्या भक्तांनी हेल्मेट घालून यावं.

बोका_बिलंदर

रुमाल टाकून ठेवतो. शंभर प्रतिसाद नक्की.

खडूस

हेल्मेट घालून आलोय. मान वळते त्यात, काळजी नसावी.

'डार्क नाइट'मध्ये विटेत घुसलेल्या गोळीवरून बोटाचा ठसा काढतो ते काय होतं? भिंतीचा तुकडा कापून आणतो, तशाच विटांवर गोळ्या झाडून बघतो, मग संगणकावर फुटकी गोळी जोडतो. याला तपास नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? त्यात जोकर झालेल्या हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. धंदा शंभर कोटी डॉलरच्या वर झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात नाव आलं नाही म्हणून इतकी ओरड झाली की पुढल्याच वर्षी ॲकॅडमीनं पाचाची दहा नामांकनं केली. कार्टून बघून कुणी ऑस्करचे नियम बदलल्याचं ऐकिवात नाही.

तिरकी_रेघ

खडूसराव, बंदूक भरताना अंगठ्याचा ठसा उमटतो तो पुंगळीवर, आणि पुंगळी उडून बाजूला पडते. भिंतीत जाते ती गोळी. नोलाननं ठसा मस्त दाखवला, पण बॅटमॅन शोधत होता ते भलत्याच वस्तूवर. चालू द्या.

सांजवेळ

मानेवरून आठवलं. १९८९ च्या सिनेमात मायकल कीटनला त्या रबरी पोशाखात मान वळवताच येत नव्हती. मागे बघायचं तर आख्खं धड फिरवायचं. गंमत म्हणजे तेच बघताना भारदस्त वाटतं! त्याची निवड जाहीर झाली तेव्हा 'हा तर विनोदी नट' म्हणून चाहत्यांनी स्टुडिओला हजारो निषेधाची पत्रं धाडली होती. पुढे तेच चाहते त्याला डोक्यावर घेऊन नाचले.

नोलानकडे मान वळायला लागली, पण घसा बसला. क्रिश्चन बेलला कुणीतरी ज्येष्ठमध आणि खडीसाखर द्या.

(अवांतर: लेक नऊ वर्षांचा आहे, बॅटमॅनचा नाद लागलाय. काय दाखवू? ट्रेलर बघून मलाच धास्ती वाटते.)

बोका_बिलंदर

ज्येष्ठमध =)) =))

अभ्यासू_टोणगा

धागाकर्त्याचा प्रश्न रास्त आहे, पण 'मूळ बॅटमॅन कॉमिकमध्ये आणि बाकी सगळी त्याची रूपांतरं' असं धरून चाललं की घोटाळा होतो. कारण कॉमिकवाले पडद्यावरून सर्रास उचलत आलेत, तेही अगदी पहिल्या दिवसापासून.

१९४३ ची कोलंबियाची १५ भागांची सीरियल घ्या. आज बघवत नाही. खलनायक डॉ. डाका हा जपानी, महायुद्ध चालू, त्यामुळे जपान्यांबद्दल ओकायची तेवढी गरळ ओकून घेतलीय. बॅटमॅनलाही सरकारी हेर करून टाकलाय. पण घराखालची गुहा आणि तिच्यात उतरायची वाट उंच लंबकाच्या घड्याळामागून, या दोन्ही गोष्टी त्या सीरियलनं दिल्या. बटलर आल्फ्रेड कॉमिकमध्ये आला तेव्हा गोलमटोल आणि धांदरट होता. सीरियलमधला नट विल्यम ऑस्टिन सडपातळ, मिशीवाला. म्हणून १९४४ च्या सुरुवातीला कॉमिकातल्या आल्फ्रेडला चक्क बारीक करून आणला, मिशी लावून.

पुढे १९६६ ची ॲडम वेस्टची मालिका. तिच्या निर्मात्याला तिसऱ्या सीझनसाठी एक मुलगी हवी होती, म्हणून बार्बरा गॉर्डन ही बॅटगर्ल घडली. कॉमिकात १९६७ च्या जानेवारीत आली, टीव्हीवर त्याच वर्षी. हार्ली क्विन तर निव्वळ कार्टूनची पैदास आहे. १९९२ च्या एका भागात जोकरची एक साथीदार हवी होती, तेवढ्यापुरती लिहिली. मुख्य कॉमिकात तिला जागा मिळायला १९९९ उजाडलं.

शेजारपाजारी फिरणाऱ्या विरजणासारखं आहे हे. मुळात कुणाच्या घरचं होतं ते आता कोण सांगणार?

वेताळटेकडी

टोणगेबुवा, मूळच काढताय तर आणखी मागे जाऊ. ली फॉकचा फँटम १९३६ चा. घट्ट पोशाख, मुखवटा, मुखवट्यात बुबुळं न दिसणारे डोळे हे सगळं बॅटमॅनच्या तीन वर्षं आधी. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून तो मराठीत 'वेताळ' म्हणून घरोघरी गेला. त्याच्याकडेही गुहा होतीच, कवटीची! आमच्या पिढीला बॅटमॅन भेटला तेव्हा 'हा वेताळाचा शहरातला चुलतभाऊ दिसतो' असंच वाटलं होतं.

तांबडा_पांढरा

वेताळ म्हटलं की विषयच संपला. पण हितं धागा बॅटमॅनचा हाय, तवा माझी कहानी ऐका.

२००९ ला अर्खम असायलम आला तवा मी हॉस्टेलवर. गेम कुठनं आणला ते इचारू नका. सगळं झ्याक चाललेलं, आणि एका जागी ह्यो गडी उंचावरनं उडी मारून तरंगंचना. बटन दाबलं की पंख नुसतं उघडतोय, मिटतोय, उघडतोय, मिटतोय, आणि दाणकन खाली. रात्रभर तेच. समदी पोरं जमली, परत्येकजण म्हनतोय 'सर तिकडं, मी करतो'. कुणालाबी जमंना. शेवटी कळलं की...

गेमाडपंथी

...की ते मुद्दाम केलं होतं! तात्या, तुम्ही एकटे नव्हता. चोरीच्या प्रतीत तरंगणं बंद पडेल अशी तजवीज रॉकस्टेडीनं करून ठेवलेली. एका महाभागानं प्रकाशक आयडॉसच्याच फोरमवर जाऊन तक्रार केली, की विषारी वायूची खोली पार होत नाही, काय करू. दोष गेममध्ये नसून तुमच्या नीतिमत्तेत आहे, अशा अर्थाचं उत्तर मिळालं त्याला.

तांबडा_पांढरा

त्यो मी नव्हं.

बोका_बिलंदर

'तो मी नव्हेच' =)) धागा वसूल.

गेमाडपंथी

आता गंभीरपणे. रात्रपाळीशी ९०% सहमत. अर्खम असायलम इतका गाजला त्याचं कारण नुसती हाणामारी नाही. तोवर सुपरहिरोंचे गेम म्हणजे सिनेमा लागला की घाईघाईत काढायचा माल. यांनी कुठल्याच सिनेमाला बांधून न घेता एक बेट, एक रात्र आणि एक वेड्यांचं इस्पितळ घेतलं. कथा कार्टूनवाल्या पॉल डिनीची, बॅटमॅनचा आवाज कॉनरॉयचा, जोकरचा मार्क हॅमिलचा.

तपासाचा नमुना सांगतो. पोलीस कमिशनर गॉर्डनला पळवून नेलंय. नेणारा पहारेकरी बोल्स पिणारा असतो. बॅटमॅन त्याच्या बाटलीतल्या बर्बन व्हिस्कीचा अंश टिपतो आणि हवेत राहिलेल्या त्या वासाचा माग काढत जातो. पुढे तो माग संपतो, मग गॉर्डनच्या पाइपच्या तंबाखूवरून पुढला माग. सिनेमात हे दोन मिनिटांत उरकलं असतं. गेममध्ये प्रत्येक कोपऱ्याशी आपण थांबतो आणि कुठे वळायचं ते आपलं आपण बघतो.

आणि भीतीचा वायू सोडणाऱ्या स्केअरक्रो या खलनायकाचा तिसरा प्रसंग! चालता चालता पडदा फाटतो, चित्र अडकतं, आणि गेम पहिल्यापासून सुरू होतो. मी संगणक बंद करायला हात पुढे केलेला. ग्राफिक्स कार्ड गेलं अशीच खात्री. मग बघतो तर सुरुवातीचा तोच प्रवेश, फक्त या वेळी गाडी जोकर चालवतोय आणि मागे बांधून घातलाय बॅटमॅनला. भीतीचा वायू बॅटमॅनला लागला होता, घाम मला फुटला. हे दुसऱ्या कुठल्या माध्यमात करून दाखवा.

खडूस

बर्बनचा माग म्हणे. एक बटण दाबायचं, सगळं निळं होतं, भिंतीपलीकडची हाडं दिसतात आणि ज्या रेषेवरून चालायचं ती रेष चमकते. यात आपण काय शोधलं? निम्मे लोक ते बटण दाबून ठेवूनच आख्खा गेम खेळले. रॉकस्टेडीनं इतकी मेहनत घेऊन रंगवलेल्या भिंती कुणी पाहिल्याच नाहीत.

गेमाडपंथी

या मुद्द्याला दाद देतो. पण त्याच भिंतींपैकी एक वॉर्डन शार्पच्या कचेरीतली आठवा. तिच्यामागे एक गुप्त खोली होती, तुमच्या निळ्या बटणातही न दिसणारी. आत पुढल्या गेमचा, म्हणजे अर्खम सिटीचा नकाशा. गेम आल्यावर कित्येक महिने जगभरात कुणाला सापडली नाही, शेवटी कंपनीलाच सांगावं लागलं.

न्यूजर्सीची_माई

मुलांनो, तुमचा वाद चालू द्या, मी फक्त हजेरी लावते. बॅटमॅनची प्रकाशक कंपनी डीसी, तिच्या काही जुन्या नकाशांत त्याचं शहर गॉथम आमच्या न्यू जर्सीत दाखवलंय, त्यामुळे स्थानिक रहिवासी म्हणून माझं एक मत धरा!

जोकर नाचतो त्या पायऱ्या मात्र नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये आहेत, शेक्सपिअर आणि अँडरसन या दोन अव्हेन्यूंच्या मधे. २०१९ चा सिनेमा लागल्यावर तिथे फोटोवाल्यांची ही झुंबड. मी गेले तेव्हा एक बाई बाजाराच्या दोन जड पिशव्या घेऊन चढत होत्या आणि एक लाल कोटवाला त्यांना 'जरा बाजूला होता का, फ्रेममध्ये येताय' म्हणत होता. बाई ज्या भाषेत बोलल्या ती लिहिली तर इथले संपादक माझा आयडी उडवतील.

प्रवासी_पक्षी

माई, पायऱ्यांवरून आठवलं. 'डार्क नाइट रायझेस'मध्ये तो विहिरीसारख्या तुरुंगातून चढून वर येतो, तो बाहेरचा भाग जोधपूरचा. बाहेर आल्यावर मागे मेहरानगड स्वच्छ दिसतो. आत चढायचं इंग्लंडमधल्या सेटवर आणि बाहेर निघायचं राजस्थानात. मग तिथून गॉथमला कसा पोचला हे नोलाननं सांगितलंच नाही. तिकीट कन्फर्म होतं का?

खडूस

तो बॅटमॅन आहे. पोचतो.

अभ्यासू_टोणगा

धागा भरकटायच्या आत माझा दुसरा हप्ता. एकच पात्र सगळ्या माध्यमांतून कसं फिरलं ते बघा, मग 'कुठे जमलं' याचा निवाडा जरा सोपा होईल. मिस्टर फ्रीझ.

१९५९ ला कॉमिकात आला तेव्हा नाव मिस्टर झिरो. गारठ्याची बंदूक घेऊन हिरे लुटणारा एक किरकोळ चोर. १९६६ च्या मालिकेनं त्याला फ्रीझ हे नाव दिलं आणि तीन वेगवेगळ्या नटांकडून करून घेतला. त्यातला एक ऑटो प्रेमिंजर, म्हणजे चक्क नावाजलेला दिग्दर्शक. नाव वगळता पात्रात काही दम नव्हता.

मग १९९२ ला कार्टूनमधला 'हार्ट ऑफ आइस' हा भाग. लेखक पॉल डिनी, दिग्दर्शक ब्रूस टिम. फ्रीझ आता शास्त्रज्ञ आहे. बायको नोराला असाध्य रोग. इलाज सापडेपर्यंत तिला गोठवून ठेवलंय, आणि कंपनीचा मालक खर्च फार होतो म्हणून येऊन सगळं बंद पाडतो. त्या झटापटीत फ्रीझचं शरीर असं होतं की थंडीबाहेर तो जगू शकत नाही. वीस-बावीस मिनिटांचा खेळ, पण शेवटी कोठडीत बसून तो काचेच्या गोळ्यातल्या नाचणाऱ्या बाहुलीशी बोलतो, तेव्हा पोरांचं कार्टून बघतोय हे विसरायला होतं. लेखनाला एमी मिळालं. त्या मालकाला आवाज मार्क हॅमिलचा, हे ऐकून ओळखू येत नाही. याच कामानंतर त्याला जोकर मिळाला. कॉमिकवाल्यांनी ही नोरा तशीच्या तशी उचलली.

१९९७ ला श्वार्झनेगर. कथा तीच, नोराही तीच, फक्त प्रत्येक वाक्याला बर्फावरची कोटी. त्याच सिनेमात बॅटमॅन स्वतःचं क्रेडिट कार्ड काढतो. जॉर्ज क्लूनी त्याबद्दल अजून माफी मागतोय.

आणि २०११ ला अर्खम सिटी. तिथे फ्रीझशी लढत आहे. त्याला एका युक्तीनं पाडला की ती युक्ती पुन्हा चालत नाही. खाली जाळीतून आलात? तो जाळ्या गोठवतो. मागून झेपावलात? आता मागेही सावध. शास्त्रज्ञ आहे, शिकतो! ही गोष्ट कार्टूनला सांगता आली नसती आणि सिनेमाला सुचली नाही. एकाच पात्राला कार्टूननं जीव दिला, गेमनं डोकं दिलं, आणि सिनेमानं... असो.

तांबडा_पांढरा

त्या फ्रीझनं मला रडवलंया. पन खरा गेम इकत घेऊन खेळलो हां तवा. पंख उघडत व्हते.

तिरकी_रेघ

टोणगेबुवा, वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

पण ॲडम वेस्टला 'दम नव्हता'त ढकलू नका. १२० भाग, आणि सुरुवातीला आठवड्याला दोन, पहिला बरोबर नायक मरणाच्या दारात असताना तोडायचा. जोकर झालेल्या सीझर रोमेरोनं मिशी काढायला साफ नकार दिला, म्हणून मिशीवरूनच पांढरा रंग फासला. जवळून दाखवला की मिशी दिसते! आणि १९६६ च्याच सिनेमात पेटता बॉम्ब डोक्यावर घेऊन तो धक्क्यावर पळतो. इकडे नन, तिकडे बाळाची गाडी ढकलणारी बाई, पुढे वाजंत्री, पाण्यात बदकाची पिल्लं. बॉम्ब टाकायला जागाच नाही. बॅटमॅन कुणाचा जीव घेत नाही हे तत्त्व इतक्या प्रामाणिकपणे दुसऱ्या कुणी पाळलंय? कीटननं तर एका गुंडाला डायनामाइट बांधून उडवलाय, वर हसलाय.

सांजवेळ

बदकं!! हे लेकाला दाखवता येईल.

कागदी_होडी

पहिल्यांदाच लिहितेय. सगळ्यांनी नटांची, दिग्दर्शकांची, आवाजांची नावं घेतली, ज्याच्यामुळे हे सगळं उभं राहिलं त्या बिल फिंगरचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून राहवलं नाही.

चित्रकार बॉब केननं आधी काढला होता तो माणूस लाल घट्ट कपड्यांतला, डोळ्यांवर पट्टी आणि पाठीला ताठ पंख. डोकं झाकणारा कानांचा मुखवटा, पंखांऐवजी झालरीचा झगा, हातमोजे, करडा रंग हे फिंगरनं सुचवलं. पहिली कथा त्यानंच लिहिली. करार मात्र केनच्या नावावर, त्यामुळे श्रेय एकट्या केनचं. फिंगर १९७४ ला गेला, हलाखीत. २०१५ साली डीसीनं त्याचं नाव श्रेयात घालायचं मान्य केलं, तेही त्याची नात आणि एक चिकाटीचा लेखक मागे लागले म्हणून. 'गॉथम' मालिकेत आणि २०१६ च्या सिनेमात ते पडद्यावर आलं. म्हणजे कीटन, किल्मर, क्लूनी, बेल कुणाच्याही सिनेमात ही ओळ नाही.

वेताळटेकडी

स्वागत, होडीताई. पहिल्याच प्रतिसादात सगळ्यांना गप्प केलंत.

गेमाडपंथी

+१. आणि २०२४ चा सुइसाइड स्क्वॉडवाला गेम आठवला. त्यात बॅटमॅनला बाकावर बसवून हार्लीच्या हातून गोळी घालून मारलाय. आवाज कॉनरॉयचा. तो २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गेला, गेम त्यानंतर आला. ज्या कंपनीनं अर्खम दिला तिनंच हे केलं याचा चाहत्यांना राग आहे, माझाही गेलेला नाही.

रात्रपाळी

त्या गेमबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण बरं झालं कुणीतरी लिहिलं.

मूळ प्रश्नाकडे येतो. टोणगेबुवांचं विरजण मान्य, तरी माझं मत तसूभर हललेलं नाही. कॉनरॉयनं ब्रूस वेनचा, म्हणजे मुखवट्याआडच्या माणसाचा, आवाज हलका आणि बॅटमॅनचा जड असे दोन ठेवले, घसा न खरवडता. पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवत, म्हणजे मुळात अंधार आणि त्यावर लागेल तेवढाच उजेड. बहुतेक कार्टूनमध्ये नट एकेकटे येऊन बोलून जातात, इथे सगळ्यांना एका खोलीत बसवून ध्वनिमुद्रण करत. असली निगा सिनेमावाल्यांनी गाडीवर घेतली, माणसावर नाही.

एकच सिनेमा मी बाजूला काढतो, २०२२ चा पॅटिन्सनवाला. त्यात खरोखर तपास आहे.

खडूस

पॅटिन्सन? खुनाचं हत्यार हातात घेऊन फिरतो आणि ते काय आहे हे त्याला कळत नाही. शेवटी एक साधा पोलीस सांगतो, साहेब, हे गालिचा ठोकून बसवायचं हत्यार, माझा काका तेच काम करायचा. जगातला सर्वश्रेष्ठ हेर, आणि केस फोडली हवालदाराच्या काकानं!

रात्रपाळी

म्हणूनच तर आवडला. चौकशी म्हणजे माणसांना विचारणं. तुमचा नोलान विटेला विचारत बसला.

तिरकी_रेघ

ठॉ =)) खडूसराव, हेल्मेट सांभाळा.

सांजवेळ

माझ्या प्रश्नाचं काय झालं? नऊ वर्षं. कुणीतरी सरळ यादी द्या, पेपर जवळ आलेत, शनिवारीच काय ते होईल.

अभ्यासू_टोणगा

ताई, कार्टून मालिकेपासून सुरुवात करा. ८५ भाग आहेत, क्रमानं बघायची गरज नाही. 'हार्ट ऑफ आइस' तुम्ही सोबत बसून बघा, नोराबद्दल तो विचारणारच. हसायला ॲडम वेस्टचा सिनेमा आणि २०१७ चा लेगो बॅटमॅन. १९४३ ची सीरियल अजिबात नको.

गेमाडपंथी

आणि गेम हवाच असेल तर लेगोचे. दोघांनी मिळून खेळता येतात, मारलं तरी नुसत्या विटा पडतात. अर्खम इतक्यात नको, स्केअरक्रो आहे.

खडूस

दहावी झाली की नोलान.

तांबडा_पांढरा

ताई, सीडी इकतच घ्या.